खडबडीत धावपट्टीवर कोणतं लढाऊ विमान चालतं? कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई दलात इंजिन फिटर म्हणून वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी जग्वार या लढाऊ विमानाच्या पोटाखाली. आता कोल्हापुरात आहे. भरती अकादमीतली पोरं, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, उद्यमनगरातले जुने मित्र, सकाळी रंकाळ्यावर भेटणारी मंडळी, सगळे विमानांविषयी विचारतात. बहुतेकांचा प्रश्न वेगापासून सुरू होतो आणि क्षेपणास्त्रावर संपतो. मी मात्र चाकांपासून बोलायला लागतो. विमान जमिनीवरून उठलंच नाही, तर त्याच्या पंखाखाली काय टांगलंय याचा उपयोग काय? तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

काका, खराब धावपट्टी म्हणजे नेमकी किती खराब?

चार वेगवेगळ्या अडचणींना आपण एकच नाव देतो. पट्टी आखूड असते. पट्टी मऊ असते. पट्टी पक्की पण उखडलेली असते. आणि चौथी, काल संध्याकाळपर्यंत उत्तम असलेली पट्टी, जिच्यात रात्री बॉम्ब पडून खड्डे झालेत. आपली अडचण यातली कोणती, हे आधी ठरवायला हवं, कारण प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे.

मऊ, कच्च्या मातीचं आधी सांगतो. २७ ऑक्टोबर १९४७ ला आपले जवान घेऊन डाकोटा विमानं श्रीनगरला उतरली, तेव्हा तिथली पट्टी कच्चीच होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी लेहला, घाईनं तयार केलेल्या पट्टीवर डाकोटा उतरवलं. पण डाकोटा पंख्याचं विमान, सावकाश उतरणारं. जेट लढाऊ विमान ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगानं जमिनीला टेकतं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची पुकारा विमानं होती, तीही पंख्याचीच आणि कच्च्या पट्टीवर चालतील अशी बनवलेली. तरी तिथल्या गूस ग्रीनच्या पट्टीवरच्या ओल्या गवतानं त्यांना त्रास दिलाच. त्यामुळे आजच्या जेटच्या बाबतीत ‘खडबडीत’ म्हणजे उखडलेलं डांबर, सांध्याशी फुटलेलं काँक्रीट, कडेनं सुटलेली खडी आणि घाईत बुजवलेला खड्डा. आधुनिक लढाऊ विमान रोज शेतातून उडेल असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

टायरचं एवढं काय घेऊन बसलात?

उसाच्या फडात रुतलेली ट्रॉली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. रिकामी असताना सरसर जाते, भरली की काळ्या मातीत आसापर्यंत बसते. पण त्याच मातीत ट्रॅक्टरचं मागचं मोठं चाक तग धरतं, कारण ते रुंद असतं आणि त्यात हवेचा दाब कमी असतो. वजन किती यापेक्षा ते किती जागेवर पडतं, हे बघायचं.

हिशेब करू. समजा १४ टनांचं विमान आहे आणि मागच्या दोन पायांवर प्रत्येकी सहा टन भार येतो. टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब असेल, तर चाक जमिनीला ३०० चौरस सेंटिमीटर टेकतं, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या साधारण अर्ध्या भागाएवढं. सहा टन तेवढ्याशा जागेवर! दाब ६ किलोवर आणला तर तोच भार १,००० चौरस सेंटिमीटरवर पसरतो. मग सगळेच कमी दाबाचे जाड टायर का लावत नाहीत? कारण उडताना चाक पोटात घ्यावं लागतं, आणि जाड चाकाला जागा जास्त लागते. ती जागा इंधनाची असते. पाय मजबूत केले की वजन वाढतं, आणि ते वजन प्रत्येक उड्डाणात सोबत न्यावं लागतं.

जग्वारच्या निर्मात्यांनी ही किंमत समजून-उमजून मोजली. मागच्या प्रत्येक पायाला दोन-दोन चाकं, कमी दाबाचे टायर, उंच बसवलेला पंख आणि लांब, दणकट पाय. विमानाखाली जवळजवळ ताठ उभं राहून काम करता यायचं, हे मी अंगानं अनुभवलंय. २६ एप्रिल १९७५ ला ब्रिटनमध्ये, अजून वाहतुकीला न उघडलेल्या एम-५५ महामार्गावर जग्वार उतरवून, बॉम्ब लावून, तिथूनच परत उडवून दाखवलं होतं. आपल्याकडे ती १९७९ पासून आहेत, आणि आज जगात जग्वार वापरणारं हवाई दल आपलंच उरलंय.

एखादा खडा इंजिनात गेला तर खरंच एवढं बिघडतं?

याचं उत्तर मी तोंडानं देण्यापेक्षा हातानं दिलेलं बरं, असं मला नेहमी वाटतं. ऊसतोडीचा कोयता घ्या. धारेवर बोट न कापता अंगठ्याचं नख हळू फिरवा. दगडावर आपटून धार उडालेली असेल, तर नख तिथे अडकतं. इंजिनाच्या पुढच्या पात्यांवर आम्ही नेमकं हेच करायचो. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला कळते. खाच ठरलेल्या मर्यादेत असेल तर बारीक कानशीनं घासून ती गोलसर, गुळगुळीत करायची, म्हणजे तिथून तडा पुढे धावत नाही. मर्यादेबाहेर असेल तर इंजिन खाली उतरवायचं. आतल्या पात्यांपर्यंत हात जात नाही, तिथे बोरस्कोप, म्हणजे आत डोकावणारी बारीक दुर्बीण, घालून बघायचं.

ती पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात. त्या वेगात वाटाण्याएवढी खडी म्हणजे गोळीच. एक पातं तुटलं की त्याचा तुकडा मागच्या पात्यांना तोडत जातो. अशा बाहेरच्या वस्तूंना आम्ही ‘फॉड’ म्हणतो, आणि रोज सकाळी फॉड वॉक असायचा. सगळे एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभे राहायचे, मान खाली घालून टॅक्सी-वेवरून, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याच्या रस्त्यावरून, संथ चालायचे आणि दिसेल ते उचलून पिशवीत टाकायचे. त्यात हुद्दा बघितला जात नाही. एका पावसाळ्यात, ठाण्याचं नाव सांगत नाही, नव्यानं केलेल्या डांबरीकरणाची खडी पंधरा दिवसांत सुटायला लागली. सकाळी वेचली की दुपारी पुन्हा तेवढीच. त्या आठवड्यात दोन इंजिनांच्या पात्यांवर खाचा सापडल्या. दोन्ही वेळेवर सापडल्या, पण ते काम करणाऱ्याचा मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

धावपट्टीवरची एक वस्तू काय करू शकते, याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाचं. २५ जुलै २००० ला पॅरिसमध्ये आधीच्या विमानातून पडलेली धातूची पट्टी चाकाखाली आली, टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनटाकीवर आदळला. ११३ माणसं गेली. ती पट्टी हातभरसुद्धा नव्हती.

मग रशियन विमानंच बरी नाहीत का?

या एका बाबतीत त्यांनी खूप विचार केला, हे खरं. मिग-२९ जमिनीवर असताना त्याची हवा ओढणारी मुख्य तोंडं झडपांनी बंद होतात. इंजिन तेव्हा पंखाच्या मुळाशी, वरच्या बाजूला असलेल्या फटींमधून श्वास घेतं. पुढचं चाक उचललं की झडपा उघडतात. सुखोई-२७ च्या घराण्यात त्या हवेच्या तोंडात जाळी वर येते आणि हवेत गेल्यावर खाली बसते. पुढच्या चाकाला सायकलला असतो तसा मडगार्ड असतो, चाकानं उडवलेली खडी मागे जाऊ नये म्हणून.

पण मिग-२९ च्या त्या फटींनी आतली जागा खाल्ली, आणि हे विमान कमी पल्ल्यासाठी बदनाम झालं. पुढच्या आवृत्त्यांत फटी काढून तिथे इंधन भरलं गेलं आणि तोंडाशी जाळी आली. शिवाय विमान उडतं इंजिनावर, आणि जुन्या रशियन इंजिनांना ओव्हरहॉल लवकर लागायचा. खडबडीत पट्टीवर टिकणारं पण महिनोन्‌महिने सुट्या भागांची वाट बघत उभं राहणारं विमान लहान हवाई दलाला परवडत नाही. आपल्याकडे सुखोईची बांधणी आणि ओव्हरहॉल ओझरला होतो, म्हणून आपलं भागतं. प्रत्येक देशाकडे ओझर नसतं.

ग्रिपेनचं नाव सगळे घेतात. त्यात विशेष काय?

ग्रिपेन हे स्वीडनचं लढाऊ विमान. विशेष विमानापेक्षा स्वीडनच्या विचारात आहे. जून १९६७ मध्ये इस्रायलनं पहिल्याच सकाळी इजिप्तच्या धावपट्ट्या फोडून त्यांची विमानं जमिनीवरच अडकवली. स्वीडननं त्यातून धडा घेतला आणि ठरवलं, मोठे तळ पहिल्या दिवशी जाणार हे धरूनच चालायचं. तळाभोवती आणि रस्त्यांवर सुमारे ८०० मीटर लांब आणि १७ मीटर रुंद अशा छोट्या पट्ट्या आखल्या. विमान त्या मापात बसेल असंच बनवायचं. आधीच्या विगेन विमानाला तर उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा पुढे फेकून थांबण्याची सोय होती. ग्रिपेनमध्ये पुढचे छोटे पंख उतरल्यावर पार खाली कलतात, वारा अडवतात आणि नाक जमिनीवर दाबून धरतात, त्यामुळे ब्रेक चांगला पकडतो.

माझ्यासारख्याला मात्र त्यातली दुसरी गोष्ट जास्त भावते. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि सक्तीच्या लष्करी सेवेत आलेली पाच पोरं, एवढ्या माणसांनी हवाई लढाईसाठीचं इंधन आणि क्षेपणास्त्रं भरून विमान दहा मिनिटांत परत उडवायचं, हे मुळात ठरवून विमान आखलं गेलं. झाकणं हाताच्या उंचीवर. इंजिन सुरू करायला बाहेरची गाडी लागत नाही. थंडीत, रस्त्याकडेच्या झाडीत, बॅटरीच्या उजेडात हे काम करायचं आहे, हे डोळ्यांसमोर ठेवून कुणीतरी प्रत्येक झाकणाची जागा ठरवली. ज्यानं कधी विमानाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून, न दिसणारा नट चाचपत अर्धा तास घालवलाय, त्याला याचं मोल कळेल.

उणी बाजूही आहे. इंजिन मूळ अमेरिकन घराण्याचं, जुन्या ग्रिपेनमध्ये एफ-४०४ वर आधारलेलं आणि नव्या ई आवृत्तीत एफ-४१४. त्यामुळे ग्रिपेन विकायला अमेरिकेचा होकार लागतो. शस्त्रांचा भारही मोठ्या विमानांपेक्षा कमी नेता येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये युक्रेन आणि स्वीडननं १०० ते १५० ग्रिपेन-ई साठी इरादापत्रावर सह्या केल्या. रोज तळ बदलत लढणाऱ्या देशाला हे विमान का हवंसं वाटलं, हे वर सांगितलेल्या दहा मिनिटांत आहे.

एफ-१६ आणि एफ-३५ खराब पट्टीवर अगदीच चालत नाहीत का?

चालतात, पण पट्टी झाडून ठेवावी लागते. एफ-१६ चं तोंड पोटाखाली, जमिनीजवळ आहे. आखणाऱ्यांनी पुढचं चाक त्या तोंडाच्या मागे बसवलं, म्हणजे चाकानं उडवलेला खडा आत जाणार नाही. तरी जमिनीजवळचं इंजिन उभ्या-उभ्यासुद्धा लहानशी वावटळ तयार करतं आणि खालचा कचरा वर ओढतं. ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनला एफ-१६ मिळाली, त्याआधी धावपट्ट्यांच्या दर्जावर एवढी चर्चा झाली ती याच कारणानं.

एफ-३५ बद्दल मला आधी शंका होती. पण सप्टेंबर २०२३ मध्ये नॉर्वेची एफ-३५ए विमानं फिनलंडच्या महामार्गावर उतरली, इंजिन चालू ठेवून इंधन घेतलं आणि उडाली. रस्ता फिनलंडचा होता, गुळगुळीत आणि झाडलेला, हे विसरू नका.

एक इंजिन की दोन?

दोन असतील तर एकात खडा गेल्यावर दुसऱ्यावर परत येता येतं. पण इंधन, सुटे भाग, माणसं, सगळं जास्त लागतं. श्रीमंतांनी दोन घ्यावीत. बाकीच्यांनी एक घ्यावं आणि वाचलेल्या पैशातून पट्टी झाडणारी यंत्रं.

हॅरियरसारखं सरळ वर उडणारं घेतलं की प्रश्नच मिटला, नाही का?

नाही. पूर्ण भार घेऊन हॅरियर सरळ वर जात नाही, त्यालाही थोडं धावावं लागतं. आणि खाली येताना त्याचा झोत मातीवर आदळला की तीच माती इंजिनात येते. फॉकलंडमध्ये ब्रिटिशांनी सान कार्लोसला हॅरियरसाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची पट्टी अंथरली, ती यासाठीच.

विमान बदलण्यापेक्षा धावपट्टीच लवकर दुरुस्त केली तर?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांतला हा सगळ्यात शहाणा प्रश्न. तो एका रस्ते-कंत्राटदारानं विचारला होता.

डिसेंबर १९७१ ची दोन उदाहरणं शेजारी ठेवा. ढाक्याच्या तेजगाव तळावर पाकिस्तानची सेबर विमानं होती. आपल्या मिग-२१ विमानांनी धावपट्टीत पुन्हा पुन्हा खड्डे पाडले. सेबर धडधाकट, वैमानिक तयार, पण ७ डिसेंबरनंतर त्यांचं उडणं संपलं. त्याच दिवसांत इकडे भूजची आपली पट्टी पाकिस्ताननं फोडली. स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांनी मदत मागितली आणि जवळच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायका कामावर आल्या. विमानाचा आवाज आला की झुडपांत लपायचं, गेला की पुन्हा पाट्या उचलायच्या. ७२ तासांत पट्टी चालू झाली. एकीकडे तळ हातचा गेला, दुसरीकडे तीन दिवसांत परत मिळाला.

आजची पद्धत अशी: आधी न फुटलेले बॉम्ब शोधायचे, मग खड्ड्याच्या कडेचं उचकटलेलं काँक्रीट कापून काढायचं, आत खडीचे थर घालून रोलरनं दाबायचे, वर लवकर पकडणारं काँक्रीट ओतायचं किंवा फायबरग्लासची जाड चटई खिळवायची. दबाई नीट झाली नाही तर चार विमानांनंतर तिथे खळगा पडतो. आपल्या भागात गटारीचा चर बुजवल्यावर पहिल्या पावसात काय होतं ते आठवा. विमान निवडताना विचारायचा प्रश्न इथून निघतो: बुजवलेल्या खड्ड्यावर राहिलेला उंचवटा त्याचे पाय किती वेळा सोसतील?

पुणे-बंगळूर महामार्गावर आपल्याकडे लढाऊ विमान उतरवता येईल?

देशात हे बऱ्याच ठिकाणी झालंय. २१ मे २०१५ ला यमुना एक्स्प्रेसवेवर मिराज-२००० उतरलं. मग आग्रा-लखनौ मार्ग, सप्टेंबर २०२१ मध्ये बारमेरजवळ राष्ट्रीय महामार्गावरची तीन किलोमीटरची पट्टी, आणि २ मे २०२५ ला शहाजहानपूरला गंगा एक्स्प्रेसवेवर साडेतीन किलोमीटरची पट्टी, तीही दिवसा आणि रात्री.

कोल्हापूरजवळ मला अडचणी दिसतात. सलग सरळ तीन किलोमीटर हवेत, दुभाजक हलवता यायला हवा, विजेच्या तारा आणि खांब नकोत, दोन्ही टोकांना विमानं उभी करायला जागा हवी. हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्या आणि चाकांबरोबर आलेली माती. आणि २०१९ व २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हाच रस्ता पाण्याखाली होता. मी जागा निवडणारा असतो तर नदीपासून लांब बघितली असती.

लडाखमध्ये तर पट्टी चांगली आहे. मग तिथे अडचण कसली?

हवेची. न्योमाचा तळ सुमारे १३,७०० फुटांवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश भरते. पंखाला तेवढीच उचल मिळवायला विमानाला जवळजवळ चोवीस टक्के जास्त वेगानं धावावं लागतं, आणि त्याच वेळी इंजिनाचा जोर कमी झालेला असतो. म्हणजे खाली जी पट्टी ऐसपैस वाटते ती वर आखूड ठरते. उतरतानाही वेग जास्त, आणि ब्रेकवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो: ताशी २२० ऐवजी २५० किलोमीटरनं टेकलात तर जिरवायची ऊर्जा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढते. डोंगराळ देशानं विमान घेताना चाचणी तिथेच, दुपारच्या उन्हात आणि पूर्ण भारानिशी घ्यावी.

तुम्हाला निवडायला सांगितलं तर काय घ्याल?

लहान देश, थोडा पैसा, जुन्या फुटक्या धावपट्ट्या आणि शेजारी बलाढ्य शत्रू असेल तर ग्रिपेन. त्यात मला फार विचार करावा लागणार नाही.

भारताचं वेगळं आहे. आपल्याकडे पक्के तळ भरपूर आहेत, विमानं कमी. मंजूर ४२ स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या), आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. केवळ खडबडीत पट्टीसाठी परदेशी विमान आणण्यापेक्षा आपल्याच तेजसची संख्या वाढवावी असं माझं ठाम मत आहे. ते हलकं आहे, मार्क-१ चं पूर्ण भारातलं वजन साडेतेरा टन. ब्रेक पॅराशूट आहे. पुढच्या मार्क-२ कडून मी एकच मागेन: रस्त्याकडेला, सहा माणसांत, किती मिनिटांत परत उडतं ते घड्याळ लावून दाखवा.

उजळाईवाडीला उतरेल का हो एखादं?

उजळाईवाडी म्हणजे आपला कोल्हापूरचा विमानतळ. धावपट्टी १,९०० मीटरच्या आसपास आहे. हलकं लढाऊ विमान अडचणीच्या वेळी उतरू शकेल. पण तळ म्हणजे इंधन, दारूगोळा, निवारे, माणसं. ते तिथे नाही.

शाळेतल्या पोरांना फॉड वॉक दाखवाल का?

दाखवतो. मागच्या वर्षी एका मैदानावर चाळीस मुलामुलींना एका ओळीत उभं केलं, हाताच्या अंतरावर. सकाळीच मैदान झाडलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला आम्हाला वीस मिनिटं लागली. सापडलेलं सगळं एका स्टीलच्या ताटात ओतलं: अकरा खिळे, सायकलच्या चेनची कडी, तीन वॉशर, बाटल्यांची बुचं, कंपासपेटीतलं अर्धं कर्कटक, आणि मूठभर खडी. सातवीतल्या एका मुलीनं ताट हलवून बघितलं आणि विचारलं, “आजोबा, परत एकदा चालूया?” दुसऱ्या फेरीत आणखी दोन खिळे निघाले.